फिलिप आयलंडचे पेंग्विन आणि त्यांच्यासाठी रिकामी झालेली वसाहत

मेलबर्नला जाणारे बरेच जण एक संध्याकाळ फिलिप आयलंडसाठी राखून ठेवतात. शहरापासून आग्नेयेला सुमारे १४० किलोमीटर, गाडीने दीड-दोन तासांचा रस्ता. सॅन रेमोचा पूल ओलांडला की बेट सुरू होतं. दिवस मावळल्यावर समुद्रातून छोटे पेंग्विन घोळक्यांनी बाहेर येतात, वाळू पार करतात आणि मागच्या टेकाडांवरच्या आपापल्या बिळांकडे चालू लागतात. किनाऱ्यावरच्या पायऱ्यांवर बसून ते बघायचं. याला ‘पेंग्विन परेड’ म्हणतात आणि ती बघायला जगभरातून लोक येतात.

तिकीट काढतानाच मात्र अटींची यादी समोर येते. फोटो काढायचा नाही, व्हिडिओ नाही, फोन खिशात. उभं राहायचं नाही, ओरडायचं नाही. कोआला बघता येईल, पण हात लावता येणार नाही. संध्याकाळ झाली की बेटाच्या पश्चिम टोकाकडचा रस्ता बंद. इतक्या लांब येऊन, पैसे भरून एवढे नकार ऐकले की काहींचा हिरमोड होतो. परत आल्यावर ‘फोटोसुद्धा काढू देत नाहीत’ एवढंच ते सांगतात.

मला वाटतं, ते नकार समजून घेतले तरच हे ठिकाण समजतं. इथल्या वन्यजीव संरक्षणाची गोष्ट ही मुख्यतः काय आणलं याची नाही, काय काढून टाकलं याची आहे. घरं काढली, कोल्हे काढले, दिवे विझवले, कॅमेरे बंद केले, माणसाचे हात दूर ठेवले. त्या प्रत्येकामागे एखाद्या प्राण्याच्या शरीराची किंवा सवयीची खूप नेमकी माहिती आहे.

हे प्राणिसंग्रहालय नाही

आधी एक गैरसमज दूर करू. फिलिप आयलंड नेचर पार्क्स ही संस्था १९९६ साली व्हिक्टोरिया राज्य सरकारने स्थापन केली. बेटाचं क्षेत्रफळ साधारण १०० चौरस किलोमीटर, त्यातली सुमारे १,८०० हेक्टर जमीन या संस्थेच्या ताब्यात आहे. ती नफ्यासाठी चालत नाही. पर्यटकांच्या तिकिटांतून येणारा पैसा संशोधन, राखण, झाडं लावणं आणि जखमी प्राण्यांवरचे उपचार यांत जातो. बेटाच्या बाकीच्या भागात गावं आहेत, शेती आहे, मोटारींच्या शर्यतींचा मोठा ट्रॅक आहे. म्हणजे माणूस आणि वन्यप्राणी इथे एकाच छोट्या जागेत राहतात, आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते.

पेंग्विनांना इथे कुणी पाळलेलं नाही. त्यांना कुणी खाऊ घालत नाही, सोडत नाही, बोलवत नाही. ते त्यांच्या वेळेला येतात आणि त्यांच्या वाटेने जातात. पर्यटक नसले तरी ते आलेच असते. उलट माणसांनाच ठरवून दिलेल्या जागी बसावं लागतं. लाकडी पायवाटा जमिनीपासून उचलून बांधल्या आहेत, त्यामुळे पेंग्विन खालून आणि बाजूने मोकळे फिरतात.

किलोभर वजनाचा पक्षी अंधाराची वाट का बघतो

लिटल पेंग्विन ही पेंग्विनांतली सर्वांत लहान जात. उंची साधारण ३३ सेंटिमीटर, वजन किलोच्या आसपास. पाठ गडद निळी, पोट पांढरं. आकाशातून बघणाऱ्या शिकारी पक्ष्याला ती निळी पाठ समुद्राच्या पाण्यात वेगळी दिसत नाही. खोलातून वर बघणाऱ्या सीलला पांढरं पोट वरच्या उजेडात मिसळलेलं दिसतं. पाण्यात हा पक्षी अतिशय चपळ. लहान मासे, माखले, क्रिल (कोळंबीसारखे बारीक जीव) यांच्यामागे तो दिवसभर शेकडो बुड्या मारतो.

जमिनीवर पाय ठेवला की सगळं उलटं होतं. पाय आखूड, चाल हळू, उडता येत नाही. समुद्री गरुड आणि मोठे कुरव पक्षी यांच्यासाठी उघड्या वाळूवरचा पेंग्विन म्हणजे सोपं भक्ष्य. त्यामुळे हा पक्षी उजाडण्याआधी समुद्रात जातो आणि अंधार पडल्यावरच परततो. परततानाही एकटा नाही. किनाऱ्याजवळच्या पाण्यात आधी ते जमतात, एकमेकांची वाट बघतात. मग लाटेबरोबर दहा-वीसजण वाळूवर येतात, थांबतात, इकडेतिकडे बघतात. काही हललं, चमकलं, आवाज झाला, तर सगळे वळून पुन्हा पाण्यात. हे एकदा बघितलं की त्या काही मीटर वाळूचं भय किती खरं आहे ते कळतं.

आता यात फ्लॅश टाकून बघा. या पक्ष्याचे डोळे मंद उजेडात बघायला सरावलेले असतात. अचानक पडलेला प्रखर प्रकाश त्याला गोंधळवतो आणि तो मागे पळतो. त्याच वेळी वरच्या बिळात एखादं पिल्लू सकाळपासून उपाशी असतं. आईबापांपैकी कुणी वेळेत पोचलं नाही तर त्या रात्रीचं जेवण हुकतं. वारंवार असं झालं तर पिल्लू जगत नाही. ‘फक्त फ्लॅश बंद ठेवा’ एवढ्यावर का भागत नाही, असं लोक विचारतात. शेकडो माणसांच्या गर्दीत कुणाच्या तरी फोनचा फ्लॅश चालू राहणारच, कुणाचा तरी पडदा उजळणारच. प्रत्येकाचा फोन कोण तपासणार? सरसकट बंदी हा एकच नियम प्रत्यक्षात पाळून घेता येतो. आणि खरं सांगायचं तर फोन हातात नसल्यामुळे माणसं तास-दीड तास नुसती बघत बसतात, ही त्या संध्याकाळची मोठी देणगी आहे.

तुम्ही कोणत्या महिन्यात जाता यावर काय दिसेल ते ठरतं. दक्षिण गोलार्ध असल्यामुळे ऋतू उलटे. साधारण ऑगस्टपासून फेब्रुवारीपर्यंत विणीचा काळ. मादी बहुधा दोन अंडी घालते, नर-मादी आळीपाळीने सुमारे ३५ दिवस ती उबवतात, आणि पिल्लू आठेक आठवड्यांचं झालं की एकटंच समुद्रात जातं. त्याला पोहायला किंवा मासे धरायला कुणी शिकवत नाही. पिल्लं मोठी होण्याच्या काळात आईबापांना रोज परतावं लागतं, म्हणून वसंतात आणि उन्हाळ्यात किनाऱ्यावर पेंग्विनांची संख्या भरपूर असते. हिवाळ्यात ते बरेच दिवस समुद्रातच राहतात, संख्या कमी दिसते.

फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान एक वेगळंच दृश्य दिसू शकतं. बिळांबाहेर फाटक्या गोधडीसारखी पिसं लोंबत असलेले पेंग्विन गप्प उभे असतात. ते आजारी नसतात. त्यांची पिसं बदलत असतात. बहुतेक पक्षी पिसं थोडी-थोडी टाकतात. पेंग्विनाला तसं परवडत नाही, कारण पिसांच्या आवरणात फट पडली की थंड पाणी थेट अंगाला लागतं. म्हणून तो आधी खाऊन-खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतो, मग सतरा-अठरा दिवस जमिनीवर उपाशी राहून सगळी पिसं एकदम बदलतो. या दिवसांत त्याला पळता येत नाही, पोहताही येत नाही. त्याच्याजवळ जाणं, त्याला हुसकावणं म्हणजे त्याची साठवलेली ताकद खर्च करायला लावणं.

तेलगळतीचं संकटही याच पिसांमुळे जीवघेणं ठरतं. पिसांना तेल लागलं की त्यांचा जलरोधक थर मोडतो, पक्षी गारठतो, आणि चोचीने अंग साफ करताना ते विष पोटात जातं. २००१ साली बेटाजवळ तेल सांडलं तेव्हा ४३८ पेंग्विन त्यात सापडले. धुण्याइतकी ताकद येईपर्यंत त्यांना लोकरीचे छोटे स्वेटर घातले, म्हणजे ऊब राहते आणि चोच तेलापर्यंत पोचत नाही. त्यांतले ९६ टक्के वाचून समुद्रात परत गेले. स्वेटर घातलेल्या पेंग्विनांची छायाचित्रं लोकांना गोड वाटतात, पण ते कपडे नव्हेत, उपचार आहेत.

वजनकाट्यावरून चालणारे पक्षी

बेटावरच्या पेंग्विनांचा सलग अभ्यास १९६८ पासून चालू आहे. समुद्री पक्ष्यांच्या बाबतीत इतकी लांब नोंद जगात फार थोड्या ठिकाणी आहे. हजारो पेंग्विनांच्या त्वचेखाली बारीक मायक्रोचिप बसवलेली असते, पाळीव कुत्र्यांना बसवतात तशीच. त्यांच्या नेहमीच्या वाटेवर जमिनीत एक वजनकाटा आहे. पक्षी त्यावरून चालत गेला की तो कोण, किती वाजता आला आणि वजन किती, हे यंत्र टिपून घेतं. त्याला धरावं लागत नाही.

सकाळी जाताना आणि रात्री येतानाच्या वजनांत जो फरक पडतो तो म्हणजे त्या दिवशी मिळालेले मासे. हा फरक आठवडे-महिने कमी होत गेला, तर समुद्रात काहीतरी बिघडलंय. माशांचे थवे लांब गेले असतील, पाणी तापलं असेल. बोट घेऊन बेटासमोरच्या बास सामुद्रधुनीत रोज मासे मोजत फिरणं कुणाला परवडणार? पेंग्विन ते काम रोज करतात, आणि त्यांचं वजन म्हणजे त्या समुद्राचा अहवाल. पिल्लं बिळात असताना दिवसभरात जाऊन परत येता येईल एवढ्या अंतरातच मासे मिळावे लागतात. अंतर वाढलं की पिल्लं उपाशी. त्यामुळे किनाऱ्यावर कितीही चोख व्यवस्था ठेवली तरी वसाहतीचं नशीब बरंचसं समुद्रावर अवलंबून असतं, आणि समुद्राला कुंपण घालता येत नाही.

एक अख्खी वसाहत विकत घेतली

बूनवुरंग या मूळनिवासी लोकांच्या या पूर्वापार भूमीवर युरोपीय वस्ती आली आणि विसाव्या शतकात पर्यटन वाढलं. १९२०च्या दशकात स्थानिक लोक पाहुण्यांना कंदील-टॉर्च घेऊन पेंग्विन दाखवायला नेत. त्याच सुमारास बेटाच्या पश्चिम टोकाला, समरलँड द्वीपकल्पावर, सुट्टीतल्या घरांसाठी भूखंड पाडायला सुरुवात झाली. १९४० साली मुख्य भूमीला जोडणारा पूल झाला आणि येणं-जाणं सोपं झालं.

घरं आली म्हणजे गाड्या आल्या, कुत्री-मांजरं आली, अंगणातले दिवे आले. पेंग्विन रात्री रस्ता ओलांडताना चिरडले जाऊ लागले. बिळांच्या जागी पाया खणला गेला. एके काळी बेटावर पेंग्विनांच्या दहा वसाहती होत्या. उरली फक्त समरलँडची. आणि १९८०च्या दशकात संशोधकांचा हिशोब स्पष्ट होता: मृत्यूंचा हा दर असाच राहिला तर शतक संपायच्या आत तीही संपेल.

१९८५ मध्ये व्हिक्टोरिया सरकारने जो निर्णय घेतला तो मला आजही चकित करतो. समरलँडमधला प्रत्येक भूखंड आणि प्रत्येक घर सरकारने विकत घ्यायचं, घरं पाडायची आणि जमीन पेंग्विनांना परत द्यायची. लोकांना तिथे नवं बांधकाम किंवा बाहेर विक्री करता येणार नव्हती. घरमालकांना हे सोपं गेलं नाही. कुणाचं बालपण तिथे गेलं होतं, कुणी निवृत्तीसाठी घर बांधलं होतं. त्यांचं दुःख खोटं नव्हतं आणि ते सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही. खरेदी सुरू झाली आणि ती २०१० पर्यंत चालली. म्हणजे पंचवीस वर्षं, वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांतून, एकच धोरण टिकलं. एक अख्खी वसाहत पक्ष्यांसाठी उठवली गेल्याचं दुसरं उदाहरण सहज सापडत नाही.

आज तिथे फिरताना रस्त्यांच्या जुन्या खुणा गवतात बुजत चाललेल्या दिसतात. स्थानिक झुडपं लावली आहेत, जिथे बिळं खणणं अवघड तिथे लाकडी घरटी ठेवली आहेत. २०१९ मध्ये नवं पर्यटक केंद्र उघडलं, त्याला सुमारे ५ कोटी ८० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च आला. जुनी इमारत पेंग्विनांच्या चांगल्या जागेवर होती. ती काढून सहा हेक्टरांहून जास्त जागा त्यांना मोकळी करून दिली. आता या वसाहतीत विणीच्या वयाचे सुमारे ४० हजार पेंग्विन आहेत.

संध्याकाळनंतर नॉबीज या टोकाकडचा रस्ता का बंद होतो याचं उत्तर इथेच आहे. तो रस्ता पेंग्विनांच्या वस्तीतून जातो. दिवसा तो आपला, रात्री त्यांचा.

शंभर वर्षं कोल्ह्यांमागे

घरं गेली तरी लाल कोल्हे होतेच. हा प्राणी ऑस्ट्रेलियाचा नाही. शिकारीचा खेळ खेळता यावा म्हणून एकोणिसाव्या शतकात तो इंग्रजांनी मुद्दाम आणून सोडला. फिलिप आयलंडवर त्याची पहिली नोंद १९०७ ची आहे. तिथले स्थानिक प्राणी ज्या काळात घडले त्या काळात असा शिकारीच नव्हता, त्यामुळे त्याच्यापासून वाचायचं कसं हे त्यांच्या रक्तात नाही. त्यातून कोल्ह्याची एक सवय घातक आहे. सहज सापडणारं भक्ष्य दिसलं की तो भुकेपुरतं मारून थांबत नाही. एका रात्रीत एकच कोल्हा डझनांनी पेंग्विन मारू शकतो.

अनेक वर्षं कोल्हे ‘कमी करण्याचे’ प्रयत्न झाले. इथे एक महत्त्वाचा धडा आहे. कोल्ह्यांची संख्या निम्मी केली तर उरलेल्यांना अन्न जास्त मिळतं, पिल्लं जास्त जगतात आणि काही वर्षांत संख्या पूर्ववत होते. बेटावर अर्धवट यश म्हणजे कायमचा खर्च. शेवटी ‘एकही नको’ हे ध्येय ठरलं. विषारी आमिषं, सापळे, रात्रीची शिकार, वास काढणारी प्रशिक्षित कुत्री, सगळं वापरलं. शेवटचे काही कोल्हे सर्वांत कठीण, कारण तोवर जे उरतात ते सावध असतात. २०१७ मध्ये बेट कोल्हामुक्त घोषित झालं. पूल असल्यामुळे पाळत मात्र कायम ठेवावी लागते.

प्राण्यांना वाचवण्यासाठी दुसरे प्राणी मारायचे, हे अनेकांना पटत नाही. मलाही हे वाचताना सुख होत नाही. पण न मारण्याचाही एक हिशोब असतो, आणि तो पेंग्विनांच्या मृतदेहांत मोजावा लागतो. माणसाने आणून सोडलेल्या शिकाऱ्याची जबाबदारी माणसालाच घ्यावी लागते, असं माझं मत झालं आहे.

कोल्हे गेल्यामुळे दुसरी एक गोष्ट शक्य झाली, आणि ती पेंग्विनांइतकीच मोठी आहे.

निसर्गातून नामशेष झालेला प्राणी परत

ईस्टर्न बार्ड बँडिकूट हा लांब नाकाचा, पाठीमागे फिकट पट्टे असलेला, पाऊण किलोचा प्राणी. नाव आणि रूप यांवरून घुशीची आठवण होईल, पण नातं कांगारूशी. तो शिशुधानी आहे. पिल्लं आईच्या पोटाच्या पिशवीत वाढतात. ती पिशवी मागच्या बाजूला उघडते, म्हणजे आई माती उकरते तेव्हा पिल्लांवर माती उडत नाही. गर्भकाळ जेमतेम साडेबारा दिवस, सस्तन प्राण्यांतल्या सर्वांत कमी गर्भकाळांपैकी एक.

व्हिक्टोरियाच्या पश्चिमेकडच्या गवताळ मैदानांत तो राहायचा. ती मैदानं जवळजवळ सगळी शेती-कुरणांखाली गेली आणि उरलेल्यांना कोल्ह्यांनी-मांजरांनी संपवलं. १९८०च्या दशकाअखेरीस हॅमिल्टन शहराजवळ थोडेसे बँडिकूट उरले होते, तेही गावाच्या कचरा टाकण्याच्या जागेजवळ, भंगारात पडलेल्या मोटारींच्या सांगाड्यांच्या आडोशाने. तिथून काही पकडून त्यांची बंदिस्त पैदास सुरू झाली. पुढे मुख्य भूमीवरच्या मोकळ्या निसर्गात तो संपलाच. फक्त कुंपणांच्या आत उरला.

कुंपण महाग असतं आणि त्याच्या आत जागा थोडी. म्हणून कोल्हे नसलेल्या बेटांचा विचार पुढे आला. आधी २०१५ मध्ये शेजारच्या चिमुकल्या चर्चिल आयलंडवर २० बँडिकूट सोडून पाहिले. ते वाढले. मग २०१७ मध्ये फिलिप आयलंडच्या समरलँड द्वीपकल्पावर, म्हणजे जिथे घरं होती तिथेच, ६७ सोडले. २०१९ मध्ये फ्रेंच आयलंडवर. २०२१ मध्ये राज्याने या प्राण्याचा दर्जा ‘निसर्गातून नामशेष’वरून ‘धोक्यात’ असा बदलला. ऑस्ट्रेलियात एखाद्या सस्तन प्राण्याच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं.

एक अवघड बाब यात राहते. ही बेटं बँडिकूटचं मूळ घर नव्हतं. मग त्याला इथे ‘स्थानिक’ म्हणायचं का? कोआलाही तसाच. तोही या बेटांवर माणसांनीच आणला, मुख्य भूमीवर कातड्यासाठी त्याची बेसुमार शिकार चालू असताना. देश त्यांचा, पण बेट नव्हे. हा प्रश्न अभ्यासक गंभीरपणे घेतात. नवा प्राणी आला की तिथल्या किड्यांवर, गवतावर, मातीवर काय परिणाम होतो हे आधी तपासावं लागतं. बँडिकूटच्या बाबतीत मातीचं उकरणं फायद्याचंच मानलं जातं. पाणी मुरतं, पालापाचोळा कुजतो. शिवाय जाण्यासारखी मूळ जागाच उरलेली नसताना शुद्धतेचा आग्रह धरला तर हाती काय राहील, हेही बघावं लागतं.

बँडिकूट रात्रीचा प्राणी आहे. परेडनंतर पायवाटेवरून सावकाश चालत आलात तर कडेच्या गवतात दिसण्याची शक्यता असते. घाई करून बसकडे पळणारे त्याला हमखास चुकवतात.

कोआलाला हात का लावायचा नाही

बेटावर कोआलांसाठी वेगळं राखीव वन आहे. तिथे लाकडी पायवाट झाडांच्या मध्यापर्यंत उंच नेली आहे, म्हणजे माणूस कोआलाच्या पातळीला येतो आणि कोआलाला खाली उतरावं लागत नाही. ही कल्पना फार छान आहे.

कोआला निलगिरीचा पाला खातो. पाला विषारी, तंतुमय आणि पोषण जेमतेम. ते विष उतरवायला आणि तंतू पचवायला शरीराला फार काम पडतं. त्याचं अंधांत्र, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, दोन मीटरपर्यंत लांब असतं. मिळणारी ऊर्जा इतकी थोडी की दिवसातले अठरा-वीस तास तो झोपून किंवा निपचित बसून काढतो. त्याला आळशी म्हणणं चूक आहे; तो अतिशय काटेकोर हिशोबाने जगतो. अशा प्राण्याला एकामागून एक माणसांनी कडेवर घेणं म्हणजे त्या हिशोबात खड्डा पाडणं. व्हिक्टोरिया राज्यात कोआलाला कडेवर घेऊन फोटो काढायला परवानगी नाही. इतर काही राज्यांत ती आहे, म्हणून पर्यटकांना वाटतं की इथले लोक उगाच कडक आहेत.

कोआलाची राज्याराज्यांतली परिस्थितीही वेगळी आहे. क्वीन्सलँड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानी प्रदेशातले कोआला २०२२ मध्ये ‘धोक्यात’ म्हणून घोषित झाले. व्हिक्टोरियात काही जंगलांत ते इतके वाढतात की झाडं निष्पर्ण होतात. पण तिथले बरेचसे कोआला बेटांवर वाचलेल्या मोजक्या प्राण्यांचे वंशज आहेत, त्यामुळे आनुवंशिक विविधता कमी. संख्या जास्त आणि तरी वंश दुबळा, असं एकाच वेळी असू शकतं. नुसतं डोकी मोजून संरक्षण होत नाही ते यासाठी.

पुलावरचे दिवे

आता अशा एका पक्ष्याबद्दल, ज्याच्यासाठी कुणी तिकीट काढत नाही. शॉर्ट-टेल्ड शिअरवॉटर हा तपकिरी-काळा समुद्री पक्षी उत्तरेकडे अलास्का-बेरिंग समुद्रापर्यंत जातो आणि दरवर्षी सप्टेंबरअखेरीस हजारो किलोमीटर उडून याच किनाऱ्यांवर परत येतो. जोडी एकच अंडं घालते. पिल्लाला इतकं भरवलं जातं की ते आईबापांपेक्षा जड होतं. मग एप्रिलच्या मध्यावर आईबाप निघून जातात. पिल्लू दोन-तीन आठवडे बिळात एकटं राहतं, जाडी उतरते, पिसं तयार होतात, आणि एका रात्री ते पहिल्यांदाच उडतं.

ते उडताना समोर रस्त्याचे, पुलाचे दिवे असले तर गोंधळून रस्त्यावर उतरतं. तिथून त्याला परत उडता येत नाही आणि मागून गाडी येते. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत त्या काही आठवड्यांपुरते बेटाकडच्या पुलावरचे आणि काही रस्त्यांवरचे दिवे बंद ठेवतात, कर्मचारी आणि स्वयंसेवक रात्री फिरून रस्त्यावरची पिल्लं उचलतात, चालकांना वेग कमी ठेवायला सांगतात. संरक्षणाचे इतके स्वस्त आणि इतके परिणामकारक उपाय फार नसतात.

जे काढता येत नाही

मोकाट मांजरं अजून आहेत. कोल्ह्यापेक्षा ती पकडणं अवघड, आणि त्यांच्या विष्ठेतून पसरणारा टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी बँडिकूटला मारतो. काम चालू आहे.

उष्णता त्याहून कठीण. थंड पाण्यासाठी घडलेली दाट पिसं ३५ अंशांच्या वरच्या दिवशी बिळात सापळा ठरतात. त्यावर उपाय सावलीचा: स्थानिक झुडपं लावली की बिळातलं तापमान उतरतं. आगीची भीती वेगळीच. पेंग्विन वणव्यापासून पळत नाहीत. ज्वाळा जवळ आल्या तरी जागेवर बसून राहतात. त्यामुळे सहज पेट न घेणाऱ्या रसाळ पानांच्या वनस्पती निवडून लावल्या जातात. समुद्राचं वाढतं तापमान मात्र या बेटाच्या हातात नाही.

जाणार असाल तर

तिकीट आधी काढा. सूर्यास्ताची वेळ बघून निघा: डिसेंबरात तो पावणेनऊच्या सुमारास होतो, जूनमध्ये पाचच्या थोडं नंतर. दुपारी लवकर पोचलात तर कोआलांचं वन आणि नॉबीजची पायवाट उजेडात होते. नॉबीजपासून समुद्रात दीडेक किलोमीटरवर सील रॉक्स आहेत, ऑस्ट्रेलियन फर सीलच्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक. दुर्बीण असेल तर न्या.

भर उन्हाळ्यातही बास सामुद्रधुनीवरचा रात्रीचा वारा अंगात शिरतो. स्वेटर, टोपी, मुलांसाठी जाड पांघरूण घ्या. छत्री नको, रेनकोट घ्या, मागच्यांना दिसत नाही. लहान मुलांना आधीच सांगून ठेवा की पेंग्विन अंधारात येतात आणि आवाज केला की परत जातात. मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं पाळतात. पहिला घोळका गेला की निम्मी गर्दी उठते. तुम्ही बसून राहा, नंतर पायवाटेवर रेंगाळा. पेंग्विन तिथे हाताच्या अंतरावरून जातात, बिळातून जोडीदाराला हाका ऐकू येतात. हात पुढे करू नका, वाट अडवू नका. वॉलबीला (छोट्या कांगारूसारखा प्राणी) किंवा इतर कोणत्याही प्राण्याला पाव, बिस्किट देऊ नका. त्याने त्यांच्या जबड्याला आणि पोटाला रोग होतात.

गाडी सुरू करण्याआधी खाली वाकून चाकांमागे बघा. पार्किंगमध्ये पेंग्विन गाड्यांखाली शिरतात, तशा पाट्याही लावलेल्या आहेत. परतीच्या रस्त्यावर वॉलबी आणि पोसम (झाडांवर राहणारा निशाचर शिशुधानी) अचानक आडवे येतात, म्हणून पूल ओलांडेपर्यंत वेग कमी ठेवा. मेलबर्नला पोचायला अर्धा तास जास्त लागेल, तेवढा वेळ हाताशी धरूनच बेत आखा.